बेंबीपाशी, मग उजवीकडे

पोटावर हात ठेवला की माझे डोळे आपोआप मिटतात. सवय फार जुनी आहे, शिकत असल्यापासूनची. वर्गातली मुलं तेव्हा म्हणायची, ही पेशंट तपासायला नाही, पेशंटच्या उशाला डुलकी काढायला येते. त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. हाताखाली पोट हळूहळू वरखाली होत असतं, पंखा फिरत असतो, आणि मी अर्धी जागी, अर्धी कुठेतरी भलतीकडे असते. माझं निदान त्या भलतीकडच्या जागेतून येतं असं मला वाटायचं, आणि त्याचा मला बराच गर्वही होता.

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला, एका बियाण्यांच्या कंपनीच्या ऑफिसवर माझा दवाखाना आहे. दहा खाटा, एक ऑपरेशन थिएटर आणि रस्त्याच्या बाजूला लांबलचक व्हरांडा. दुपारी खाली बियाण्यांची पोती उतरवतात, तेव्हा औषध लावलेल्या बियाण्याचा एक गोडसर, उग्र वास जिन्यावरून वर येतो. गावाकडून आलेली माणसं तो वास दवाखान्याचाच समजतात. मीही आता तसंच समजते.

मी सर्जन आहे. हर्निया, मूळव्याध, गळवं, पित्ताशयाचे खडे, सगळं करते. पण माझं नाव झालं ते अपेंडिक्सवर. आमच्याकडे लोक म्हणतात, 'अमक्याला अपेंडिक्स झालं.' जणू ते आधी पोटात नव्हतंच, परवा आठवडी बाजारातून येताना सोबत आलं. कुंभार पिंपळगावपासून परतूरपर्यंत कुणाचं पोट उजवीकडे दुखलं की गाडी माझ्या जिन्याखाली थांबायची. अपेंडिक्स ओळखायला मला तीन प्रश्न पुरतात, असं मी सांगत फिरायचे. आधी कुठं दुखलं, मग कुठं गेलं, आणि भूक आहे का.

यातला दुसरा प्रश्न महत्त्वाचा. अपेंडिक्स सुजायला लागलं की पहिली कळ येते ती बेंबीच्या आसपास. नेमकी कुठं ते सांगता येत नाही, माणूस पोटावरून नुसता तळवा फिरवतो. काही तासांनी तीच कळ खाली उजवीकडे उतरते, आणि मग तोच माणूस एका बोटानं जागा दाखवतो. सगळ्यांचंच असं होत नाही, पण झालं तर ती मोठी खूण. पुस्तकात याला वेदनेचं स्थलांतर म्हणतात. मी पेशंटला 'स्थलांतर झालं का' असं विचारलं असतं तर त्याला ऊसतोड आठवली असती. म्हणून मी आपला एक सोपा शब्द घेतला होता. 'कळ सरकली का?' असं मी विचारायचे. घाई असली की नुसतंच, 'सरकली का?'

हा शब्द सापडला म्हणून मी स्वतःवर फार खूश होते. लोकही लगेच उत्तर द्यायचे. अडखळायचे नाहीत, एकमेकांकडे बघायचे नाहीत. बायका तर हमखास म्हणायच्या, 'हौ, सरकली.' मी कागदावर लिहायचे, 'सरकली: हो', आणि पुढच्या तयारीला लागायचे.

ती मुलगी आली तेव्हा थंडी सरत आली होती आणि दुपारची उन्हं व्हरांड्यात लांबवर येऊन पडायला लागली होती. वीस वर्षांची, परतूरची. सकाळच्या गाडीनं आली होती. अंगात निळा ट्रॅकसूट, डोक्यावरून ओढणी, आणि एक हात पोटावर. सोबत तिची खाला, म्हणजे मावशी, होती. मुलीची आई लहानपणीच गेलेली, वाढवलं ते या खालानंच. परतूरला खालाचं गाद्या-रजया शिवायचं दुकान आहे. तिच्या काळ्या बुरख्यावर कापसाचे बारीक तंतू चिकटलेले होते आणि ती बोलताना अधूनमधून हवेत तरंगायचे. मला नंतर त्या दिवसाचं सगळं आठवतं ते या तंतूंसकट आठवतं.

"मॅडम, माझं ग्राउंड आहे," मुलगी टेबलावर झोपण्याआधीच म्हणाली. "नऊ दिवस राह्यले."

आमच्याकडे पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला नुसतं ग्राउंड म्हणतात. आठशे मीटर पळायचं, शंभर मीटर पळायचं, गोळा फेकायचा. मागच्या खेपेला ती गोळ्यात कमी पडली होती. या खेपेला घरात तिच्यासाठी एक स्थळ तयार होतं, आणि खालानं तिच्या मामांच्या हातापाया पडून एका भरतीपुरती मुदत मागून घेतली होती. हे सगळं खालानं मला एका दमात सांगितलं. म्हणजे पोटाचं मी विचारण्याआधीच.

"बघू," मी म्हणाले. "आधी झोप."

मी हात ठेवला, डोळे मिटले. उजवीकडे खाली दाबलं की तिचा श्वास अडखळत होता. आदल्या सकाळपासून दुखत होतं. एक उलटी झाली होती, जेवणावर वासना नव्हती. अंग किंचित कोमट होतं.

"पहिल्यांदा कुठं दुखलं?" मी डोळे मिटूनच विचारलं.

उत्तर खालानं दिलं. "बेंबीपाशी, मॅडम."

"मग सरकली का?"

"हौ, सरकली ना. उजव्या बाजूला सरकली. बिलकुल बराबर बोलले तुमी."

मला अगदी बरं वाटलं. पुस्तकातल्यासारखी केस होती. रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी थोड्या वाढलेल्या निघाल्या. सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलं नाही. म्हणजे त्या यंत्रानं हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. पडद्यामागे ताईनं पाळीची तारीख विचारून घेतली, लघवीची तपासणी केली. तिथं काही निघालं नाही. ही ताई म्हणजे माझ्या दवाखान्याचं काउंटर, फायली आणि पडद्यामागची सगळी मदत सांभाळणारी मुलगी. आता तिशी ओलांडलेली आहे, तरी माझ्याकडे इतकी वर्षं आहे की माझ्या लेखी ती मुलगीच. सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

आमच्याकडे अपेंडिक्ससाठी गुणांचा एक तक्ता असतो. दुखण्याचे इतके, तापाचे इतके, उलटीचा एक, पेशींचे दोन, आणि कळ सरकली असेल तर त्याचा एक. ठरावीक गुण भरले की कापायचं, त्याखाली असले की थांबून बघायचं. मुलीचे गुण अगदी काठावर भरले. मी चारची वेळ दिली.

तिला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. तिनं विचारलं, "दुर्बिणीतून केलं तर गोळा कधी उचलता येईल?"

"महिनाभर तरी नाही."

"आणि न्हाई केलं तर?"

"फुटलं तर जीवावर बेतेल. भरती दरवर्षी येते. आतडं परत मिळत नाही."

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मला तिचा राग आला, खरं सांगते. मला कुणाची दया आली की आधी राग येतो, आणि तो राग मी कागदपत्रांवर काढते. मी खालाला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि संमतीचा फॉर्म पुढे केला. खाला सही करता करता थांबली. तिचा चेहरा एखाद्या दुकानदाराला शेवटचं काही विचारावं तसा झाला.

"मॅडम, एक पूछू का?"

"विचारा."

"आप्रेशनमधी नाफ बी जागेवर बसवून देताल ना?"

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "काय बसवून?"

"नाफ. सरकली ना ती. तुमीच तर पूछले, सरकली का म्हणून. मी बोलली, हौ, सरकली. काल मी धाग्यानं मापून पाह्यली. उजवी बाजू कम भरून राह्यली."

ताई काउंटरवरून उठून आली. "बेंबी सरकली म्हणतात ना मॅडम आपल्याकडं," ती हलक्या आवाजात म्हणाली, "ते. यांच्यात नाफ म्हणतात."

मी जालन्याचीच आहे. माझे वडील कचेरीत होते, आई शाळेत शिकवायची, आणि असले शब्द आमच्या घरात उंबऱ्याच्या आत येत नसत. बेंबी सरकते, ओझं उचललं की सरकते, मग एखादी जाणती बाई तेल लावून, अंगठे ओढून ती जागेवर आणते, हे मी कानावरून गेलेलं ऐकलं होतं. शेजारच्या अंगणात चालणाऱ्या गोष्टींपैकी ती एक होती. ती माझ्या टेबलावर येऊन, माझ्याच प्रश्नाचं उत्तर होऊन बसेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी विचारत होते कळ सरकली का. त्या सांगत होत्या बेंबी सरकली. दोघी 'हो' म्हणून मोकळ्या होत होतो.

मी पेन खाली ठेवलं आणि आत गेले.

"तुझं दुखणं पहिल्यांदा नेमकं कुठं आलं?" मी मुलीला विचारलं. "खाला काय म्हणाली ते सोड. बेंबीचं सोड. दुखणं कुठं होतं?"

तिनं उजवीकडे बोट ठेवलं. "इथंच."

"आणि आता?"

"आता बी इथंच. पहिल्यापासून इथंच हाय, मॅडम."

म्हणजे तो एक गुण गेला. काठावरची मुलगी एका गुणानं खाली आली. तिचं सगळं आयुष्य त्या आठवड्यात गुणांवर चाललेलं होतं आणि इथं दवाखान्यातही तेच निघालं. खाला माझ्या मागोमाग आत आली होती. तिला वाटलं, मॅडम आता नाफच बघायला आल्या आहेत. तिनं खिशातून रजईचा पांढरा दोरा काढला, मुलीच्या बेंबीवर एक टोक धरलं आणि दुसरं टोक पायाच्या अंगठ्यापर्यंत नेलं. मग दुसऱ्या पायाला. एरवी मी तिला बाहेर काढलं असतं. पण त्या दिवशी माझ्यात दटावायचं बळ नव्हतं, मी नुसती बघत उभी राहिले. दोरा उन्हात चमकत होता. खालाची पाचही बोटं बेंबीभोवती इतकी सावकाश उतरली की मला माझ्या हाताची लाज वाटली.

"सिर उठा बेटी," खाला म्हणाली. "पूरा नको, थोडाच."

मुलीनं मान उचलली आणि कळवळली. दाबल्यापेक्षा जास्त.

हे मी करायला हवं होतं. मान उचलली की पोटाचे स्नायू ताठ होतात आणि आतल्या अवयवांवर झाकण बसतं. दुखणं आत असेल तर ते अशा वेळी कमी लागतं. दुखणं त्या झाकणातच, म्हणजे स्नायूतच असेल, तर ते वाढतं. ही तपासणी कुठल्याही विद्यार्थ्याला येते. फक्त ती तीन प्रश्नांत बसत नव्हती, म्हणून मी ती कधीच सोडून दिली होती. खाला ती बेंबीसाठी करत होती. तिचं कारण वेगळं होतं, पण मुलीचं कळवळणं दोघींना सारखंच दिसलं.

"परवा किती गोळे फेकलेस?"

"साठ."

"सिटअप?"

"मोजल्या न्हाईत."

"आणि उलटी कशानं झाली?"

ती ओशाळली. "रिकाम्या पोटी चार कच्ची अंडी. ताकद येते म्हणून सांगितल्तं एकानं."

तरी मी तिला घरी पाठवलं नाही. स्नायू दुखावलेला असणं आणि अपेंडिक्स सुजलेलं असणं, दोन्ही एका पोटात राहू शकतात, आणि खरं सुजलेलं असेल तर थांबणं म्हणजे जुगार. मी चारची वेळ रद्द केली, थिएटर मात्र तयार ठेवलं. सी.टी.ची चिठ्ठी लिहून अॅप्रनच्या खिशात ठेवली. खालाला सांगितलं, "उद्यापर्यंत थांबायचं. दर दोन-तीन तासांनी मीच तपासणार, दुसरं कुणी नाही. दुखणं वाढलं, ताप चढला, पोट कडक झालं, तर त्या क्षणी आत घेणार. तेव्हा ग्राउंड विसरायचं."

"आणि न्हाई वाढलं तर?"

"तर तिचं पोट तिच्यापाशी."

खालानं दोरा बोटाला गुंडाळला. "आणि नाफ?"

"ती तुमची तुम्ही बघा," मी म्हणाले, "पण दाबायचं नाही. हात लावायचा नाही. माझं काम होईपर्यंत बिलकुल नाही."

"हौ," ती म्हणाली, आणि हातांची घडी घालून खाटेपाशी बसली. तिनं शब्द पाळला. मी मात्र दर तासाला जात होते.

ती दुपार माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब दुपार होती, आणि खरं सांगू का, सगळ्यात शांतही. थांबणं हे माझं काम आहे असं मला कुणी शिकवलं नव्हतं. सर्जनचं काम हातानं होतं, आणि इथं हात नुसता ठेवायचा होता. मी स्टूल घेऊन बसायचे, हात ठेवायचे, डोळे मिटायचे. खाली पोती धपधप उतरायची. परभणीकडची गाडी जायची तेव्हा खाटेच्या लोखंडातून तिची थरथर माझ्या कोपरापर्यंत यायची. मुलगी कधी झोपायची, कधी जागी असायची. झोपेत तिचे पाय पळत असायचे, घोट्यापाशी हलकेच. एकदा मीही डुलले. मला दिसलं, की मी एका मोठ्या, मऊ, पांढऱ्या रजईवर हात फिरवत चालले आहे, आतला कापूस कुठं गोळा झालाय ते शोधत, आणि ती रजई संपतच नाही. जागी झाले तेव्हा हात तिथंच होता आणि खाला माझ्याकडे बघत होती.

"तुमी बी थकले," ती म्हणाली.

"भ्याले," मी म्हणाले. का बोलून गेले माहीत नाही. पेशंटच्या नातेवाइकाला डॉक्टरनं असं सांगायचं नसतं.

तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. संध्याकाळची अजान झाली तशी ती उठून व्हरांड्यात गेली, आणि मी पुन्हा दाबून बघितलं. दुखणं होतं तेवढंच होतं. वाढलं नव्हतं.

सकाळी ताप नव्हता. पेशी परत तपासल्या, त्या उतरल्या होत्या. पोट मऊ होतं. मान उचलली की मात्र अजून कळ येत होती, आणि मुलगी आता स्वतःच मान उचलून उचलून मला ती दाखवत होती. सोनोग्राफी पुन्हा केली. या वेळी एका कोपऱ्यात ते दिसलं, बारीक, फिकट, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ज्याच्यासाठी इतका घोळ झाला ते असं गुमान झोपलेलं होतं.

"मॅडम," मुलगी म्हणाली, "भूक लागली."

असं वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. त्या सकाळी ते ऐकून माझे डोळे भरून आले, आणि मी ताईवर उगाच ओरडले, की अजून पोहे का नाही आणले.

सुट्टी देताना मी तिला सांगितलं, चार दिवस गोळ्याला हात लावायचा नाही, मग हलकं पळायचं, आणि कच्ची अंडी ज्यानं सांगितली त्याला माझ्याकडे पाठवायचं. खालानं जाता जाता मला विचारलं, घरी गेल्यावर नाफ बघितली तर चालेल का. मी म्हणाले, चार दिवसांनी, आणि हलक्या हातानं. त्या दोघी जिना उतरल्या. व्हरांड्यातल्या बाकावर कापसाचे दोन-तीन तंतू राहिले होते.

मी ताईला म्हणाले, "जुन्या फायली काढ. अपेंडिक्सच्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

ती जरा थांबली, मग काढायला गेली. पुढचे काही दिवस दुपारी मी त्याच वाचत बसले. माझंच अक्षर, पानापानावर. 'सरकली: हो.' 'सरकली: हो.' यातली कळ कुठली आणि बेंबी कुठली, हे आता देवालाही सांगता येणार नव्हतं. पुष्कळ अपेंडिक्सं खरीच सुजलेली होती. एक-दोन फुटायच्या बेतात होती, ती माणसं माझ्यामुळे जगली, हेही खरं. पण मधूनमधून लॅबचा रिपोर्ट टाचलेला असायचा आणि त्यावर लिहिलेलं असायचं, सूज आढळली नाही.

मला ते दिवस आठवले. आमच्याकडे काढलेलं अपेंडिक्स नातेवाइकांना दाखवायची पद्धत आहे. स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवून मी व्हरांड्यात न्यायचे. सगळे वाकून बघायचे आणि कुणीतरी म्हणायचं, 'एवढंसंच?' ते कधीकधी अगदी फिकट, स्वच्छ असायचं. तेव्हाही मी म्हणायचे, 'सुरुवात होती. वेळेवर आलात.' लोक हात जोडायचे. मी खोटं बोलते आहे असं मला तेव्हा वाटत नसे. मी त्यांना धीर देते आहे असं वाटे. आता त्या फायलींपुढे बसल्यावर मला कळलं, की धीर मी स्वतःला देत होते.

तो शब्द मी सोडला. आता मी विचारते, 'एका बोटानं दाखवा. आधी कुठं होतं, ते बोट ठेवा. आता कुठं आहे, तिथं ठेवा.' आणि गप्प बसते. वेळ लागतो. लोक म्हणतात, मॅडम हल्ली हळू झाल्या.

ग्राउंडच्या दिवशी ताईनं सकाळची सुट्टी मागितली. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाली, "त्या पोरीला बघायला जाते." मी म्हणाले, चल, मीही येते. ताईला ते फारसं आवडलं नाही असं दिसलं, पण ती माझ्या गाडीत बसली.

आत कुणाला सोडत नाहीत. बाहेर रस्त्याच्या कडेला जाळीचं कंपाउंड होतं, तिथं शे-दोनशे माणसं उभी होती. आयाबाया, भाऊ, चहावाले. कोवळं ऊन होतं, मैदानावर धुकं अजून गुडघ्याएवढं शिल्लक होतं, आणि त्यातून छातीवर नंबर लावलेल्या मुली पाय नसल्यासारख्या पुढे सरकत होत्या. खाला थोडी पलीकडे जाळीला कपाळ टेकून उभी होती. तिचे ओठ हलत होते. गोळा झाला होता. किती गेला ते आम्हाला इतक्या लांबून कळलं नाही, पण फेकून झाल्यावर मुलगी सरळ चालत गेली, पोट धरून नाही. आता आठशे मीटर होतं.

शिट्टी झाली. ताईनं जाळीत दोन्ही हातांची बोटं अडकवली.

"तुला इतकं काय वाटतं तिचं?" मी म्हणाले. मी थट्टेनंच म्हटलं होतं. "तुझी कोण ती?"

ताईनं मैदानावरची नजर काढली नाही. "माझं बी काढल्तं ना, मॅडम. तुमीच. बारावीला होते मी."

ती माझ्याकडे पहिल्यांदा पेशंट म्हणून आली होती, एवढं मला आठवत होतं. टाके काढायला आली तेव्हा हुशार वाटली, म्हणून मीच तिला काउंटरला बस म्हणाले होते, हेही आठवत होतं. टाके कशाचे, ते मी विसरले होते. आणि त्या फायलींत मी 'सरकली' आणि रिपोर्ट एवढंच वाचत गेले होते, वरची नावं नाही.

"आईनं सांगितलं, बेंबी सरकली म्हणून," ताई म्हणाली. "तुमी लिहून घेतलं. अन् दोन पेपर राह्यले माझे. मंग नर्सिंगचा फॉर्म काय भरायचा."

मुली पहिलं वळण घेत होत्या. आमची चौथी की पाचवी होती.

"रिपोर्ट?" मी विचारलं.

"हाय ना फायलीत. सूज न्हाई लिहिलंय. इथं लागल्यावर मीच लावला फायलीला."

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. "मला वाटलं, तुम्हाला म्हाईत हाय," ती म्हणाली. "खाली तुमची सही हाय."

लोक ओरडायला लागले होते, दुसरी फेरी सुरू झाली होती. निळ्या ट्रॅकसूटमधली मुलगी बाहेरच्या बाजूनं पुढे निघाली होती, तोंड उघडं, मान ताठ, आणि खाला जाळीला धरून तिच्या बरोबरीनं कडेकडेनं चालत होती. मुलगी तिसरी आली. रेघ ओलांडली तरी तिला थांबता येईना, ती तशीच लांबवर पळत गेली. ताईनं जाळीतली बोटं सोडवली. त्यांच्यावर तारेचे वळ उठले होते.

"माझं चुकलं," मी म्हणाले. आजवर मी हे दोन शब्द माझ्या कुठल्याच पेशंटला म्हटले नव्हते. "ताई, तुझे कुठले पेपर राहिले होते?"

ती डोळे पुसत होती आणि हसतही होती, मुलीकडे बघून.

"बायोलॉजी अन् केमिस्ट्री," ती म्हणाली.